बाभूळबनाच्या विटा

दिवाळी होऊन गेली की जळगावहून असोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी धूर अंथरलेला दिसतो. थंडीमुळे तो वर चढत नाही; केळीच्या बागांवरून, वेचणीला आलेल्या कपाशीवरून आडवा पसरतो आणि ऊन तापलं की मगच निघून जातो. असोद्याला माझी नणंद राहते. हिवाळ्यात भरिताची वांगी तिच्याच शेतातली हवीत असा आमच्या घरचा हट्ट, म्हणून या दिवसांत माझी तिकडे एक तरी फेरी होते. बसमध्ये तो धूर शिरला की लोक खिडक्या लावतात. मी लावत नाही. विटांच्या भट्ट्यांचा धूर आहे तो. आता भट्टीत कोळसा जळतो, भुसा जळतो, आणखी काय काय जळतं. पण माझं नाक त्यात अजून बाभळीचं लाकूड शोधत असतं. ओल्या बाभळीचा धूर जरा गोडसर असतो, डोळ्यांना झोंबतो आणि कपड्यांत मुरून बसतो. माझ्या आईच्या लुगड्यात तो एक अख्खा हंगाम राहिला होता.

आमचं धुळ्याचं घर बांधलं गेलं ते वर्ष. साठीचं दशक संपत आलेलं, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तोवर आम्ही पाचव्या गल्लीत दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. धुळ्याच्या जुन्या गल्ल्या नावापेक्षा नंबरानेच ओळखल्या जातात, आणि आमच्या त्या नंबरात ऊन फक्त दुपारी, तेही ओट्यापुरतं यायचं. वडिलांना आम्हीच काय, सगळी गल्लीच नाना म्हणायची. कचेरीत कारकून होते. पांझरेच्या पलीकडे, देवपूरच्या अंगाला शेतं मोडून नवी वसाहत होणार असं कळलं, आणि नानांनी तिथे एक प्लॉट घेतला.

प्लॉट पाडायचे म्हणजे आधी झाडं पाडायची, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा तिथे बांधाबांधाने निंब होते, बोरी होत्या, हिवर होते, एका कोपऱ्यात जुने आंबे होते. परत गेलो तेव्हा नुसतं आभाळ होतं. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारलेल्या, कोपऱ्याकोपऱ्याला दगड रोवलेले, आणि बोरीच्या काट्यांचे ढीग पेटवलेले. आमच्या प्लॉटावर मात्र एक निंब उभा होता. तो तोडायचा राहून गेला होता, इतकंच. कुऱ्हाडवाले दुसऱ्या दिवशी येणार होते.

नानांनी कागदावर घराचा आराखडा काढला होता. निंब नेमका स्वयंपाकघराच्या मध्यात येत होता.

आई झाडाला एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "अहो, हा राहू दे."

"अगं, चूल कुठे मांडशील मग?"

"चूल काय, कुठेही मांडता येते. स्वयंपाकघर आत ओढा."

"आत ओढलं तर खोली उरणारच नाही. वळलीस तर भिंतीला कोपर लागेल."

"लागू दे," आई म्हणाली. "माझंच कोपर ना?"

नाना वाद घालणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, तिथेच एका दगडावर बसून रेघ खोडली आणि स्वयंपाकघर आत ओढलं. आईने पुढची कितीतरी वर्षं त्या चिंचोळ्या खोलीत अंग चोरून स्वयंपाक केला, आणि एकदाही कुरकुर केली नाही. वसाहतीत मात्र त्या निंबाचं फार कौतुक झालं. अख्ख्या उघड्या माळावर सावली तेवढी एकच. गवंडी दुपारची भाकरी तिथे खात. शेजारच्या प्लॉटवर कापडाचे एक व्यापारी घर बांधत होते, मूळचे राजस्थानकडचे. त्यांच्या घरच्या बाई आपल्या कामावर देखरेख करायला येत आणि खुर्ची आमच्या निंबाखाली टाकून बसत. म्हणत, "भाभी, आमच्याकडे पण एक ठेवायला पाहिजे होता. कोणाच्या ध्यानातच नाही आलं." त्या दिवशी आईचा चेहरा उजळलेला असायचा. आपण एक झाड वाचवलं, याचा आनंद तिला होता. आम्हा सगळ्यांनाच होता.

नदीच्या बाजूला, आमच्या प्लॉटापासून हाकेच्या अंतरावर भट्ट्या लागल्या होत्या. घरं इथेच उठणार, मग विटा लांबून कशाला आणायच्या? त्या हिवाळ्याची आठवण माझ्या बोटांत आहे. भट्टी उघडून आलेल्या विटा गाडीतून उतरवल्या की आतून कोमट असायच्या. सकाळच्या कडाक्यात मी दोन्ही तळहात त्यांच्यावर ठेवून उभी राहायची. नाना कचेरीत जाण्याआधी सायकलवरून चक्कर मारत, दोन विटा हातात घेत आणि एकमेकींवर आपटून कानाजवळ धरत. पक्की वीट खणखणते. तो आवाज आला की ते मान हलवत आणि समाधानाने सायकलवर टांग टाकत. आई दुपारी यायची, बांधलेल्या भिंतींवर पाणी मारायला. तापलेल्या विटेवर पाणी पडलं की ती ते चर्रकन पिऊन टाकायची आणि मातीचा वास सुटायचा. संध्याकाळी भट्ट्यांच्या बाजूने लाकडांचे ट्रक यायचे. बाभळीचे ओंडके, काट्यांसकट भरलेल्या फांद्या. रात्री पाचव्या गल्लीत परतताना मागे वळून पाहिलं तर अंधारात भट्ट्यांच्या भेगा लाल दिसायच्या. मला ते फार सुंदर वाटायचं. घर म्हणजे माती आणि पाणी आणि विस्तव, एवढंच मला समजत होतं. विस्तव कशाचा, हे मी कधी मनात आणलं नव्हतं, आणि कोणी आणावं अशी गोष्टही ती नव्हती.

संक्रांतीनंतर आई मला घेऊन तिच्या माहेरी गेली. गाव शिंदखेड्याच्या अलीकडे, बुराई नदीच्या काठी. एसटीत बसलं की आईचं बोलणं हळूहळू बदलायचं. धुळ्यात ती शेजारणींशी कचेरीच्या माणसाच्या बायकोसारखं बोलायची. सोनगीर मागे पडलं की तिच्या तोंडातला ळ गळून जायचा आणि धुळ्याचं धुये व्हायचं. त्या वाटेवर ती नेहमी एकच गोष्ट सांगायची: फाट्यावर उतरलं की लागणारं बाभूळबन. नदीच्या अंगाने पसरलेलं, गावापर्यंत साथ देणारं. पावसाळ्यात पिवळ्या गोंड्यांनी भरलेलं, सुगरणीच्या खोप्यांनी लटकलेलं. उन्हाळ्यात शेंगा गळायच्या तेव्हा शेळ्यांच्या पायाखाली त्यांचा खुळखुळ आवाज यायचा. आई आणि तिची मैत्रीण ठगू, दोघी लहानपणी तिथे डिंक वेचत हिंडल्या होत्या. आईचं लग्न होऊन ती धुळ्याला आली. ठगू त्याच गावात दिली, लवकर विधवा झाली आणि बाभूळबनात शेळ्या चारून तिने एकटीने मुलगी वाढवली, लग्न करून दिली. आई माहेरी गेली की घराआधी तिला ठगूच भेटायची, कारण ठगू बनातच असायची.

त्या दिवशी फाट्यावर उतरलो. एसटी धूळ उडवत निघून गेली. आई पदर सारखा करत उभी राहिली आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, "कंडक्टर चुकला बघ. आपल्याला भलत्याच फाट्यावर उतरवलं."

मीही तसंच समजले. समोर उघडी नदी होती, वाळू होती, आणि पार लांबवर गावातली घरं दिसत होती. या फाट्यावरून गाव कधी दिसत नसे. मग मला रस्त्याकडेचा मैलाचा दगड दिसला, आणि त्याच्या पलीकडे बुंधे दिसले. जमिनीलगत तोडलेले, काही अजून ओलसर, कापलेल्या जागी डिंक येऊन गोठलेला. आईलाही ते दिसले असावेत. ती वाटेला लागली. पायवाट तीच होती, पण ज्या वळणांनी ती जात होती त्या वळणांना आता कारण उरलं नव्हतं. वाट उगाचच झाडांना वळसे घालत होती. आई त्या सगळ्या वळणांनी चालली. मी सरळ निघाले होते, तिला बघून पुन्हा वाटेवर आले.

मामाने पाणी दिलं, गूळ दिला. आईने विचारलं, तेव्हा त्याने लपवलं नाही.

"धुयाना ट्रक येतस ना. बठ्ठं लई गयात." सगळं बन धुळ्याच्या ट्रकांनी नेलं होतं. मग म्हणाला, "त्या पैसामा शायानी खोली बांधी. पोरं पहिले उनमा बसेत."

शाळेची खोली आम्ही येतानाच पाहिली होती. लाल विटांची, अजून गिलावा न झालेली. आत मुलं पाढे म्हणत होती. मामाचं म्हणणं खोटं नव्हतं आणि त्याचा चेहराही खोटा नव्हता. पंचायतीने ठरवलं, सगळ्यांनी हो म्हटलं. लाकडाला शहरात मागणी आहे, गावाला खोली हवी आहे. यात वाईट काय झालं असं तो विचारत होता.

"आन ठगू?" आईने विचारलं.

"ती गयी धुयाले. बकऱ्या इकी टाक्यात. चराले काय ऱ्हायनं आठे?"

आम्ही दोन दिवस राहणार होतो, पण आईने दुसऱ्या सकाळचीच एसटी पकडली.

धुळ्याला आल्यावर आईने ठगूला शोधायला सुरुवात केली. गावाकडून आलेली बाईमाणसं भट्ट्यांवरच काम करतात असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. दुपारी भिंतींवर पाणी मारून झालं की ती नदीच्या बाजूला निघायची. मी कॉलेजातून आले की तिच्यासोबत जायची. भट्टीवरचं जग तोवर मी लांबूनच पाहिलं होतं. जवळ गेल्यावर गरम राखेने पाय भाजत. मातीच्या खड्ड्यात गुडघ्यापर्यंत उतरलेली माणसं, ओळीने वाळत घातलेल्या कच्च्या विटा, आणि एकीकडे रचलेला लाकडांचा डोंगर. आई त्या लाकडांजवळ थांबायची. एकदा तिने एका फांदीवर अडकलेला खोपा सोडवून हातात घेतला. सुगरणीचा, रिकामा, वाळलेला. जरा वेळ तो धरून उभी राहिली आणि परत तिथेच ठेवून पुढे चालू लागली.

ठगूबाई आम्हाला सापडली ती आमच्या घराला सगळ्यात जवळ असलेल्या भट्टीवर. डोक्यावर विटा घेऊन चालली होती. आईने तिला पाठीवरून ओळखलं.

"ठगू, तू आठे?"

ठगूबाईने आधी विटा उतरवून ठेवल्या, कपाळ पुसलं, मग आईकडे पाहिलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"मंग कोठे जाऊ, जमना? झाडं आठे उनात, मी बी त्यास्ना मांगे उनू."

झाडांच्या मागोमाग आपणही इथे आलो असं सांगून ती हसली. मला ते हसणं समजलं नाही, पण आई रडायला लागली आणि ठगूबाईच तिची समजूत घालू लागली. दिवाळीपासून ती तिथे होती. आमच्या निंबापासून तिची खोपटी दिसायची. आई रोज दुपारी ज्या भिंतींवर पाणी मारत होती त्यांच्या विटा वाहणारी ठगूबाई हाकेच्या अंतरावर होती, आणि दोघींना ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी आई तिला आमच्याकडे घेऊन आली. निंबाखाली तीन दगडांवर चहा केला. ठगूबाईने अर्धवट उठलेलं घर फिरून पाहिलं, खिडकीच्या कोनाड्यातून हात घातला, भिंतीवर थाप मारली.

"ह्या इटा मनाच डोकावरतीन गयात व्हतीन," ती म्हणाली. बोलण्यात कडवटपणा नव्हता, उलट घरात तिचाही थोडा हात लागल्यासारखी ती खुश होती. मग निंबाकडे पाहून म्हणाली, "हाई राखी लिधं व्हय? बरं करं." आणि पाठोपाठ, संकोच न करता: "थोडा पाला दे ना मनी बकरीले. कालपाईन उपाशी शे."

सगळ्या शेळ्या विकून एक तिने सोबत आणली होती. करडी, म्हातारी, विकत कोणी घेतली नाही म्हणून उरलेली, आणि ठगूबाईला तरी ती कुठे विकायची होती? भट्टीच्या आसपास खायला काही नव्हतं.

 या झाडाला आईने गवंड्यांना दोरीसुद्धा बांधू दिली नव्हती. परांची बांधायला फांदी वाकवली म्हणून एकदा ती त्यांच्यावर रागावली होती. ती उठली, आत गेली, कोयता घेऊन आली आणि स्वतःच खालची एक चांगली भरलेली फांदी तोडली. नाना तेवढ्यात सायकलवरून उतरत होते. ते बघतच राहिले.

"अगं, तूच तोडतेस?"

"झाड फुटेल परत," आई म्हणाली. "हिची शेळी आज भुकेली आहे."

त्यानंतर भट्टी बंद होईपर्यंत ठगूबाई रोज दुपारच्या सुट्टीत यायची. शेळी पाला खायची आणि या दोघी भिंतीच्या सावलीत पाय पसरून बसायच्या. आई तिच्या माहेरच्या बोलीत बोलायची, मोकळी हसायची. पाचव्या गल्लीत मी तिला इतकं हसताना कधी ऐकलं नव्हतं. निंब मात्र दिवसेंदिवस विरळ होत गेला. व्यापाऱ्यांच्या घरच्या बाईंची खुर्ची हलली, त्या म्हणाल्या, "भाभी, आता कुठे छाया राहिली?" आईने हसून त्यांनाही भिंतीच्या सावलीत जागा करून दिली.

मला वाटतं, त्या दिवसांत आईच्या मनात काहीतरी फिरलं. ती बोलणारी नव्हती, पण एकदा भिंतीवर पाणी मारता मारता थांबून तिने ओल्या विटेवर हात ठेवला आणि म्हणाली, "यातल्या कुठल्या विटेत कुठलं झाड गेलं, कसं कळणार?"  आम्ही एक झाड अंगणात ठेवलं होतं. ते सगळ्यांना दिसत होतं, आम्हालाही. घरासाठी गेलेली झाडं शिंदखेड्याच्या वाटेवर होती आणि ती आता कोणालाच दिसणार नव्हती. यात आमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पाचव्या गल्लीत जन्म काढायचा होता का? गावातल्या मुलांनी उन्हात बसायचं होतं का? शहर वाढतं तेव्हा ते फक्त आपल्या कडेची शेतं खातं असं आपल्याला वाटतं, कारण तेवढंच डोळ्यांसमोर असतं. त्याचा हात किती लांबवर पोचलेला आहे, हे एखाद्या फाट्यावर उतरून गाव दिसायला लागलं तरच कळतं.

घर उभं राहिलं. आता आवाराची भिंत तेवढी उरली होती. भट्टीचा माणूस विटा केव्हा टाकू म्हणून विचारायला आला, तर आई नानांच्या आधीच म्हणाली, "नकोत आता."

"अगं, आवार?" नाना म्हणाले.

"मेंदी लावू."

"गुरं शिरतील."

"शिरू दे."

नाना त्या दिवशी खरंच नाराज झाले. सगळ्या ओळीत आमचंच घर उघडं दिसणार, हे त्यांना लागलं होतं.  पण त्यांनी विटा मागवल्या नाहीत. मेंदी वाढायला वेळ लागला आणि तोवर वसाहतीतली गुरं आमच्याकडे हक्काने येत राहिली.

ठगूबाई पुढची दोन वर्षं दिवाळीनंतर येत राहिली. दर वर्षी भट्ट्या आणखी लांब गेलेल्या असत, कारण आधीच्या भट्ट्यांच्या जागेवर घरं उठलेली असत. आई विचारत विचारत तिथवर पोचायची. करडी शेळी दुसऱ्या वर्षी नव्हती. पुढे दुष्काळ पडला, ठगूबाई गावाकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली आणि नंतर लेकीकडे राहिली, असं मामाकडून कळलं. बाभूळबन पुन्हा झालं नाही. धुळ्यात त्या उन्हाळ्यांत पाण्यासाठी रांगा लागायच्या आणि लोक म्हणायचे, पाऊसच बदलला. आई रांगेत घागर घेऊन उभी राहून ऐकायची.

पण आता बसमध्ये भट्टीचा धूर आला की मला आठवते ती त्या पहिल्या हंगामाच्या शेवटची सकाळ. ज्येष्ठातलं आभाळ भरून येऊ लागलं होतं. पावसाआधी भट्ट्या विझतात, माणसं आपापल्या गावी जातात. ठगूबाईही निघाली. शेळीला एसटीत कंडक्टर घेईना, म्हणून ती चालतच जाणार होती.

"सोनगीरले मनी बहीण शे. रात तठे काढसू," ती म्हणाली.

आई म्हणाली, शिवेपर्यंत येते. माहेरवाशिणीला गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचं असतं, आणि ठगूबाई तिच्यासाठी तशीच होती. मीही बरोबर निघाले. उजाडता उजाडता आग्रा रोडच्या कडेने आम्ही चालू लागलो. पुढे शेळी, मागे या दोघी, त्यांच्या मागे मी. घरं संपली. तिथे आम्ही थांबणार होतो. पण घरांच्या पुढे पाये खणलेले होते. खणलेल्या पायांच्या पुढे दगड रोवलेले, दगडांच्या पुढे नुसत्या चुन्याच्या रेघा. मागच्या दिवाळीत तिथे ज्वारी उभी होती. ऊन वर आलं. घटकाभर टेकावं म्हटलं तर टेकायला सावली कुठे नव्हती, म्हणून आम्ही चालतच राहिलो.

ठगूबाई म्हणाली, "जा आते माघारी, जमना. शीव उनी."

आईने आजूबाजूला पाहिलं. "कोठे उनी? हाई बी धुयेच शे."

"अशीच चालत ऱ्हायनी तं गावले पोचशी."

दोघी हसल्या आणि आणखी पुढे गेल्या. शेवटी चुन्याची रेघ संपली. तिच्यापलीकडे नांगरलेली काळी जमीन होती, ढेकळं वर आलेली, पावसाची वाट बघणारी. ठगूबाईने रेघ ओलांडली. आईने तिच्या पदरात भाकरीचं गाठोडं बांधलं, शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. मग ठगूबाई चालू लागली. तिने मागे पाहिलं नाही. आई मात्र ती ठिपक्याएवढी होईपर्यंत उभी होती.

जवळच दोन माणसं फीत धरून जमीन मोजत होती. त्यांतला एकजण फीत गुंडाळत आमच्याकडे आला आणि अदबीने म्हणाला, "बाई, प्लॉट बघायला आलात का? हे कोपऱ्याचे चांगले आहेत."

"नाही भाऊ," आई म्हणाली. "पोचवायला आले होते."